सगळ्यांत मागे राहिलेला रंग

रायनर क्निझियाचा सर्वांत चांगला खेळ कोणता, असं मनाशी ठरवायला बसले की मी दर वेळी ‘टायग्रिस अँड युफ्रेटिस’पाशीच येऊन थांबते. खेळ १९९७चा. मेसोपोटेमियात देवळं, बाजार, शेतं, वस्त्या उभ्या करत चार रंगांचे गुण मिळवायचे. शेवटी मोजतात मात्र फक्त ज्या रंगात तुम्ही सर्वांत मागे आहात त्याचे. लाल ठोकळ्यांचा ढीग साचलाय, निळे दोनच आहेत, तर तुमचे गुण दोन. खजिन्याचे ठोकळे कुठल्याही रंगात धरता येतात, तेवढाच आधार. या एका नियमामुळे लोभी खेळ चालतच नाही. प्रत्येक चालीला, आपलं काय दुबळं पडलंय, हे बघावं लागतं.

क्निझिया जर्मन, गणितात डॉक्टरेट मिळवलेला. त्याचे शेकडो खेळ निघाले, सगळेच काही मला आवडत नाहीत. ‘केल्टिस’ला २००८ साली जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. पण तो ज्यावरून बेतला, त्या दोघांनी खेळायच्या ‘लॉस्ट सिटीज’वर माझा जास्त जीव आहे. त्यात मोहिमेचं पहिलं पान टाकताच वीस गुणांचं कर्ज डोक्यावर बसतं. पानं चढत्या क्रमानेच लावायची. हातात सात आणि नऊ आहेत, पाचची वाट बघतेय, आणि तो पाच बहुधा समोरच्याने दाबून ठेवलाय. सात टाकला की पाच कायमचा गेला. थांबावं, तर गड्डी संपत आलेली.

क्निझियाचा ‘हाय सोसायटी’ही तितकाच निर्दय: शेवटी ज्याच्याकडे सर्वांत कमी पैसे, तो बाद, गुण कितीही असोत.