एक मिलिमीटर म्हणजे हजार किलोमीटर

आम्ही फौजी घरांतली मुलं अंतर रात्रींनी मोजतो. पुण्याची आजी म्हणजे गाडीत एक रात्र. बाबांचं सध्याचं ठाणं मात्र माझ्या धाकट्या भावाला रात्रींनी मोजता येत नाही. गाडी संपते, मग बस, मग डोंगर. तो तिसरीत आहे.

मागच्या वर्षी मी आठवीत असताना आम्हाला प्राथमिकच्या मुलांचा एकेक तास घ्यायला सांगितलं होतं. माझ्या वाट्याला सूर्यमाला आली. वर्गात एक जुना तक्ता होता. त्यात नऊ ग्रह परेडला उभे असल्यासारखे खांद्याला खांदा लावून उभे. मी सांगितलं, २००६ पासून प्लूटोला बटुग्रह म्हणतात, म्हणून ग्रह आठच. तेवढ्यात मागच्या बाकावरून माझाच भाऊ उठला. घरी तो मला ताई म्हणतो, शाळेत सगळ्यांसारखा दीदी. "दीदी, हे सगळे इतके जवळ राहतात?"

तास संपत आला होता. मी म्हटलं, "हो, शेजारीच." आणि पुढे गेले.

रात्री जेवताना तो आईला म्हणाला, "ग्रहसुद्धा शेजारी शेजारी राहतात. बाबाच लांब आहेत."

माझा घास अडकला. तक्ता कागदात मावावा म्हणून ग्रह जवळ काढलेले असतात, हे मला माहीत होतं. घाईत मी चुकीचं सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंची परवानगी काढून मी मुलांना मैदानावर नेलं. माप ठरवलं : एक मिलिमीटर म्हणजे हजार किलोमीटर. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, म्हणून पुठ्ठ्याची १ मीटर ४० सेंटिमीटरची पिवळी चकती केली. ती दोन मुलांनी धरली. या मापात पृथ्वी म्हणजे १३ मिलिमीटरची छोटी गोटी. चंद्र ज्वारीच्या दाण्याएवढा, गोटीपासून ३८ सेंटिमीटरवर. गुरू सोललेल्या नारळाएवढा.

मग आम्ही चालायला लागलो. बुध ५८ मीटरवर, शुक्र १०८ मीटरवर. पृथ्वी १५० मीटरवर. गोटी भावाच्या हातात होती. तिथे थांबून मी सगळ्यांना मागे बघायला लावलं. ती एवढी मोठी चकती आता पौर्णिमेच्या चंद्राएवढीच दिसत होती. आकाशात सूर्यही आपल्याला तेवढाच दिसतो. मंगळ २२८ मीटरवर, शाळेच्या गेटपाशी. गुरूला पाऊण किलोमीटरहून जास्त चालावं लागलं असतं आणि गेटबाहेर जायची परवानगी नव्हती. नेपच्यून तर साडेचार किलोमीटरवर, पार ग्वारीघाटाच्या वाटेवर कुठेतरी.

मी म्हटलं, "काल मी चुकीचं सांगितलं. ते शेजारी नाहीत. खूप लांब लांब आहेत. तरी सूर्य सगळ्यांना धरून ठेवतो."

भाऊ काही बोलला नाही. गोटी त्याने खिशात टाकली.

रविवारी बाबांचा फोन आला. बाबा सिग्नल्समध्ये आहेत. त्यांचं प्रशिक्षण याच जबलपूरला झालं. भावाने सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "सूर्याचा प्रकाश आपल्याकडे यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. नेपच्यूनला संदेश पाठवला तर पोचायला चार तास. आणि १९७७ मध्ये सोडलेलं व्हॉयेजर-१ यान तुमच्या मापाने जवळजवळ २५ किलोमीटरवर आहे, म्हणजे भेडाघाटच्या आसपास. त्याचा संदेश यायला २३ तासांहून जास्त लागतात. पण येतो."

पुढे तिकडे बर्फ पडला आणि नऊ दिवस फोन आला नाही. आई कामं करता करता सारखी मोबाईल बघायची. सातव्या दिवशी भावाने ती गोटी आणून मोबाईलशेजारी ठेवली आणि म्हणाला, "आई, संदेश वाटेत असेल."

दहाव्या दिवशी फोन आला. मी आता नववीत आहे. यंदाही मुलांना सूर्यमाला शिकवायची आहे. तक्ता दाखवेन, पण आधी मैदानावर नेईन.