हरवलेला ‘स’

प्लॅटिनम म्हटले की सोनाराची पेढी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु याच मौल्यवान धातूपासून सिद्ध होणारे एक औषध कर्करोगाने पीडित बालकांच्या शिरेतून सोडले जाते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्याचे नाव सिसप्लॅटिन. हे संयुग १८४५ मध्येच तयार झाले होते; पण त्याचा गुण कळावयास एकशेवीस वर्षे जावी लागली. अमेरिकेतील मिशिगन येथे बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विजेच्या प्रवाहाचा जंतूंवर होणारा परिणाम पाहत होते. जंतू लांबत, पण एकाचे दोन होत नसत. हा प्रताप विजेचा नव्हे, तर प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रावणात उतरलेल्या द्रव्याचा होता, हे १९६५ मध्ये त्यांनी जाहीर केले. जे जंतूंची वाढ रोखते, ते कर्करोगाच्या पेशींनाही रोखू लागले आणि असंख्य मुलांचे प्राण वाचले.

मात्र या उपकाराची किंमत कानाला मोजावी लागते.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यातील सूक्ष्म केसांच्या पेशी ध्वनीच्या लहरी टिपतात. औषध शरीरातून निघून जाते, पण या नळीत ते महिनोन्‌महिने, कधी कित्येक वर्षे, ठाण मांडून राहते आणि त्या पेशी मारते. एकदा मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. मूल जितके लहान, तितका धोका अधिक.

प्रथम जातात ते बारीक, उंच स्वर. रातकिड्यांची किरकिर नाहीशी होते; त्यावाचून कोणाचे अडत नाही. पण ‘स’ हे अक्षरही त्याच उंचीवर वसलेले आहे! ‘सात’चा ‘आत’ होतो. त्याहून बिकट म्हणजे, ‘कुठे गेलास?’ या प्रश्नातील शेवटचा ‘स’ गळाला की ‘कुठे गेला?’ एवढेच उरते. प्रश्न आपल्यालाच विचारला आहे, हे त्या मुलास कळावे कसे? ते गप्प राहते. हाक मारली तर ‘ओ’ देते, ढगांचा गडगडाट ऐकते. म्हणून कोणी त्याला बहिरे म्हणत नाही, धांदरट किंवा उद्धट म्हणतात. आजारातून उठलेल्या बालकावर हा केवढा अन्याय!

यावरचा उपाय साधा निघाला. सोडियम थायोसल्फेट हे द्रव्य सिसप्लॅटिनला बांधून निष्प्रभ करते. पण ते लगेच दिले तर औषध रोगाशी लढणार कसे? म्हणून सहा तास थांबावयाचे. यकृताचा कर्करोग झालेल्या मुलांवर हा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला: केवळ सिसप्लॅटिन घेतलेल्यांपैकी शेकडा ६३ मुलांची श्रवणशक्ती घटली, तर नंतर थायोसल्फेट मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ३३ होते, आणि रोगावरील उपचारात उणेपणा आढळला नाही. अमेरिकेने २०२२ मध्ये त्याला मान्यता दिली, तीही रोग शरीरात इतरत्र पसरलेला नसेल तरच.

इतरांच्या बाबतीत कान वेळोवेळी तपासणे हाच मार्ग उरतो. बंद खोलीत लहानगे मूल कानांवर यंत्र लावून बसते आणि आवाज ऐकू आला की एक मणी डब्यात टाकते. आवाज बारीक बारीक होत जातो. काचेपलीकडे बसलेली आई पुढच्या मण्याची वाट पाहत असते.