साष्टीची जुनी राजधानी

बोरिवलीहून विरार गाडी सुटली की दहिसर, मीरा रोड, भाईंदर मागे पडतात, गाडी खाडीच्या पुलावर चढते आणि पलीकडे नायगाव, वसई रोड लागतात. बोरिवलीकराच्या लेखी वसई म्हणजे उपनगराचेही उपनगर. इतिहासाचे दप्तर मात्र उलटे बोलते. १५३४च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना वसई दिली, तेव्हा साष्टी आणि मुंबईची बेटे वसईच्या मुलखासोबत गेली. पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे वसई होते. १६६१च्या विवाहकराराने मुंबई इंग्रजांना मिळाली, साष्टी वसईकडेच राहिली. म्हणजे साष्टी बेटावरची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर तेव्हा मुंबईची नव्हे, वसईच्या अमलातली गावे होती. बोरिवलीतल्या मंडपेश्वर लेण्यांच्या माथ्यावरचे ख्रिस्ती मठाचे भग्न अवशेष आजही त्याची साक्ष देतात.

कुणी म्हणेल, सारा वसूल करणारी सत्ता आणि गावे यांचे नाते उपनगराचे नसते. खरेच आहे, पण वसई आणि साष्टी ही जोडी सत्ता बदलली तरी टिकली. मराठ्यांनी १७३७मध्ये ठाणे घेतले, तरी मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हाच मोहीम फळाला आली. १७७५च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी इंग्रजांना देऊ केली तीही वसई आणि साष्टी एकत्रच. जोडी फुटली १७८२च्या सालबाईच्या तहात: साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई मराठ्यांना परत मिळाली. पुढे १८६४मध्ये रेल्वे मुंबईपर्यंत पोचली आणि वसईचेही तोंड दक्षिणेकडे वळले. स्टेशनच्या नावातला ‘रोड’ अजून सांगतो, की मूळ गाव इथे नाही, ते पश्चिमेला किल्ल्याकडे आहे.

आज पोट मुंबईवर चालते, मग जुन्या थोरवीचे काय करायचे, हा आक्षेप जास्त वजनदार. पण प्रश्न थोरवीचा नाही, नजरेचा आहे. वसईकडे मुंबईची उरलेली जागा म्हणून पाहणाऱ्याला केळीच्या, पानाच्या, फुलांच्या वाड्या मोकळे भूखंडच वाटणार. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची हरित वसईची चळवळ याच नजरेविरुद्ध होती. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारा हा लेखक याच मातीतला. वसईतल्या कुपारी समाजाच्या घरांतली सामवेदी बोलीही मुंबईहून आलेली नाही. तहांनी आणि रुळांनी वसईची दिशा बदलली, तिचा पिंड नाही. पुलावरून जाणाऱ्या गाडीने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे: ती मुंबईचे टोक गाठत नाही, साष्टीच्या जुन्या राजधानीत शिरते.