डिस्क तीच, नाव दुसरे

माण तालुक्यात कुठलीही वस्तू दुरुस्तीला द्यायची म्हणजे एस.टी.चा प्रवास ठरलेला. दहिवडीत जमले नाही तर फलटण, तिथे जमले नाही तर सातारा. म्हणून इथला माणूस आधी स्वतःच झाकण उघडून बघतो. मग ती विहिरीवरची मोटार असो, शिलाई मशीन असो की आमच्या उर्दू शाळेतला कॉम्प्युटर असो.

शाळेत पाच कॉम्प्युटर आहेत, सगळे देणगीतून आलेले आणि उतारवयातले. विंडोजची नवी आवृत्ती त्यांना पेलत नाही, म्हणून आम्ही शिक्षकांनी त्यांवर लिनक्स घेतले. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते, जुन्या यंत्रावर चालते आणि उर्दू उजवीकडून डावीकडे नीट लिहू देते. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. हा फौजेतला कर्नल नव्हे. बदाम फोडल्यावर आत जो गर निघतो, तो. डिस्क, कीबोर्ड, प्रिंटर या सगळ्यांशी बोलणे त्याचेच. हा गर अधूनमधून बदलावा लागतो. नवा कर्नल उतरवून घ्यायचा, यंत्र बंद करून चालू करायचे, की झाले.

गेल्या वर्षी मात्र तसे झाले नाही. पाचांपैकी एक यंत्र नव्या कर्नलने सुरू होता होता मध्येच थांबले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे आणि खाली 'इमर्जन्सी मोड'. नेमके तेच यंत्र, ज्याच्या दुसऱ्या डिस्कवर शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरांचे फोटो होते. मूळ रजिस्टरांची बरीच पाने वाळवीने खाल्लेली. एका पावसाळ्यात आम्ही उरलेल्या एकेका पानाचा फोटो काढून ठेवला होता. त्या फोटोंची किंमत काय, ते पुढे येईलच.

अशा वेळी पहिला नियम, घाबरून काही पुसायचे नाही. लिनक्सची एक चांगली रीत आहे. नवा कर्नल आला तरी जुना लगेच घराबाहेर काढला जात नाही. यंत्र सुरू होताना ग्रब नावाची यादी येते, तिच्यात जुनाही असतो. आम्ही जुना निवडला आणि यंत्र मुकाट्याने उठले. फोटो जागेवर होते. म्हणजे डिस्क मेलेली नव्हती, तारही निघालेली नव्हती. नव्या कर्नलला ती सापडत नव्हती, एवढेच.

आमच्याकडे सातवीपर्यंत उर्दूत शिकलेला एक मुलगा आज नवी मुंबईत मेनफ्रेमवर काम करतो. मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्या यांचे हिशेब वाहणारे अवाढव्य यंत्र. आय.बी.एम.ने २००० साली त्यावरही लिनक्स आणले. त्याला फोन केला तर तो हसला. म्हणाला, "सर, इथं पण हेच असतं. मशीन केवढं का असेना, कर्नल बदलला की आम्ही आधी डिस्का मोजतो."

मग त्याने समजावले. मेनफ्रेमवर यंत्र सुरू करण्याला आय.पी.एल. म्हणतात. क्रिकेटची आय.पी.एल. २००८ मधली, ही त्याहून कितीतरी जुनी. नवा कर्नल डिस्कवर नुसता ठेवून भागत नाही. तो डिस्कवर नेमका कुठे पडला आहे, याची नोंद 'झिपल' नावाची आज्ञा देऊन पुन्हा लिहावी लागते. ती राहिली तर यंत्र जुन्याच पत्त्यावर जाऊन शोधते. शिवाय कर्नल सुरू होताना बरोबर एक शिदोरी घेतो. मुख्य डिस्कपर्यंत पोचायला लागणारी साधने तिच्यात बांधलेली असतात. शिदोरीत एक साधन कमी पडले, तर यंत्र वाटेतच बसते. आणि तिथल्या प्रत्येक डिस्कला आपला कायमचा क्रमांक असतो. लिनक्स मात्र 'पहिली सापडली ती अ, दुसरी ती ब' अशी नावे ठेवते. सापडण्याचा क्रम बदलला की नावे बदलतात. "सर, नावावर जाऊ नका. ओळख बघा."

आमच्या यंत्राचे दुखणे तेच निघाले. दुसरी डिस्क ज्या कारागिराने बसवली, त्याने एफस्टॅब या फाइलीत तिचे नाव 'एसडीबी-१' असे लिहून ठेवले होते. नव्या कर्नलला ती आधी सापडली, म्हणून ती झाली 'एसडीए'. 'एसडीबी-१' या नावाखाली आता पहिल्या डिस्कवरचा जुना विंडोजचा भाग उभा होता. लिनक्सला तिथे आपल्या जातीची मांडणी दिसेना, म्हणून ते अडून बसले. 'बीएलकेआयडी' ही आज्ञा दिली की प्रत्येक भागाची खरी ओळख दिसते. बत्तीस अंक-अक्षरांची ती ओळख, यूयूआयडी, डिस्क कितव्या नंबरावर सापडली यावर अवलंबून नसते. फाइलीतले 'एसडीबी-१' काढून आम्ही ती ओळख लिहिली. यंत्र नव्या कर्नलने उठले. वाय-फायचे काडीएवढे यंत्र तेवढे रुसलेले होते. त्याचा ड्रायव्हर बाहेरून आणून जुन्या कर्नलसाठी बांधलेला होता. तो नव्यासाठी पुन्हा बांधला आणि नेटही आले.

आता त्या फोटोंबद्दल. त्याच आठवड्यात एका मुलीचे वडील शाळेत आले होते. मुलीला नर्सिंगला जायचे होते, इतर मागासवर्गाचा दाखला हवा होता. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. शब्बीर अन्सारींसारख्यांच्या चळवळीमुळे १९९० च्या दशकात मुस्लिम ओबीसींच्या सवलतींची वाट मोकळी झाली, पण वाटेवर कागद विचारला जातोच. आणि आमच्या कागदांची कैफियत वाचकांना ठाऊक आहे. पणजोबा रजिस्टरात तांबोळी, आजोबा तांबोळी, वडील शेख, मुलगी शेख. कुणी मास्तरने नाव लिहून घेताना सोपे म्हणून 'शेख' लिहिले, कुणी शहरात गेल्यावर स्वतःच लावले. घर तेच, पानाचा धंदा तोच, नाव दुसरे. पणजोबांचे पान फोटोत मिळाले. त्याचा उतारा घेऊन वडील कचेरीत गेले, तर खिडकीतून प्रश्न आला, "शेख की तांबोळी? एक काय ते सांगा."

ते म्हणाले, "दोन्ही."

लिनक्सला हे उत्तर चालते. तिथे एका डिस्कला चार नावे असू शकतात. कुठे सापडली ते एक, कुठल्या तारेवर आहे ते दुसरे, घातलेले लेबल तिसरे, यूयूआयडी चौथे. चारही वाटा एकाच जागी पोचतात, आणि तसे सांगणारी जोडणी यंत्र स्वतः ठेवते. खिडकीपलीकडे अशी जोडणी कुणी ठेवलेली नाही. तिथे नाव जुळले नाही, तर माणूसच नाही.

त्या मुलीचे प्रकरण हे लिहीपर्यंत मंजूर झालेले नाही. पिढ्यांची साखळी दाखवणारे प्रतिज्ञापत्र जोडून ते पुन्हा दाखल केले आहे. दरम्यान शाळा सुटल्यावर आम्ही एक वही भरतो आहोत. एका रकान्यात जुन्या रजिस्टरातले उर्दू नाव, दुसऱ्यात तेच मराठीत, तिसऱ्यात आजचे आडनाव, चौथ्यात पान क्रमांक. तांबोळी, अत्तार, बागवान, मण्यार, शिकलगार अशी घरे एकेक करून जोडली जात आहेत. परवापर्यंत एक्केचाळीस घरे झाली. वहीचे फोटोही त्याच डिस्कवर ठेवतो, आणि एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसऱ्या गावी.