१८० येनांचा किल्ला

ओकायामाला शिंकानसेनमधून उतरलं की मात्सुएची गाडी डोंगरातून वळणं घेत अडीचेक तास धावते. बहुतेक प्रवासी तिच्याकडे न बघता पुढे हिरोशिमाला निघून जातात. त्यामुळेच जपानातला एक अस्सल किल्ला इथे निवांतपणे बघायला मिळतो.

‘अस्सल’ म्हणण्याला कारण आहे. जपानातले अनेक प्रसिद्ध किल्ले बाहेरून जुने दिसतात, पण आत काँक्रीट. बालेकिल्ल्याचा मूळ मनोरा टिकलेले किल्ले देशभरात अवघे १२. मात्सुएचा काळ्या फळ्यांचा मनोरा १६११ साली पुरा झाला. आतले खडे जिने चढताना काही खांबांभोवती फळ्या बसवून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या दिसतात. अनेक खांब दोनच मजल्यांपुरते आहेत; भार एका रांगेत न येता वाटला जावा, अशी ती रचना. मी त्या खांबांपाशीच सगळ्यात जास्त रेंगाळलो.

१८७५ साली मेइजी सरकारने हा किल्ला लिलावात काढला. मनोऱ्याला मोल आलं १८० येन. तो मोडून विकला जाणार, एवढ्यात कात्सुबे मोतोएमोन हा सधन शेतकरी आणि ताकागी गोम्पाची हा माजी सामुराई पुढे सरसावले. तेवढीच रक्कम उभी करून त्यांनी मनोरा वाचवला.

पुढे १५ वर्षांनी, १८९० मध्ये, लाफकादिओ हर्न इंग्रजी शिकवायला या गावात आला. ग्रीक आईचा आणि आयरिश बापाचा हा लेखक इथल्याच कोइझुमी सेत्सुशी लग्न करून पुढे जपानी नागरिक झाला. उत्तरेच्या खंदकाकाठचं त्याचं घर आजही बघता येतं. घराला तीन बाजूंनी बाग आहे. त्या बागेवर त्याने एक अख्खं प्रकरण लिहिलं. खंदकही शाबूत आहेत. त्यांतून होड्या फिरतात. ठेंगणा पूल आला की होडीचं छप्पर खाली येतं आणि सगळे वाकतात.

किल्ल्याचं बांधकाम-वर्ष सिद्ध व्हायला मात्र २०१२ उजाडलं. आवारातल्या देवळात १६११ सालच्या दोन लाकडी प्रार्थना-पाट्या सापडल्या आणि त्यांची खिळ्यांची भोकं तळघरातल्या खांबांवरच्या भोकांशी जुळली. त्या पुराव्याच्या बळावर २०१५ मध्ये मनोरा ‘राष्ट्रीय ठेवा’ ठरला.

मात्सुएला निदान एक रात्र तरी राहा. शिन्जी सरोवरातल्या शिजिमी शिंपल्यांचं सूप प्या. आणि किल्ल्यात शिरलात की वर चढण्याची घाई न करता आधी तळघरातले ते खांब बघा.