वाकायचं कुणी?

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथे रोज कामाला जाणाऱ्या अनेकांच्या गावीही नसतं. मी तिथेच रोबोटिक्सचं काम करतो. याच तालुक्यात भूगावला ‘अथश्री’सारखं ज्येष्ठांसाठी बांधलेलं संकुल आहे आणि पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या अंगाला, मुलं पुण्या-मुंबईला गेलेली जुनी घरंही आहेत. म्हातारी माणसं दोन्हीकडे एकटी राहतात.

ओळखीचे लोक विचारतात, आईला उचलून बसवणारा रोबोट कधी येणार? जपानच्या रिकेन संस्थेने 2015 मध्ये अस्वलाच्या चेहऱ्याचा ‘रोबेअर’ दाखवला होता. माणसाला पलंगावरून खुर्चीत बसवण्यासाठी केलेलं हे यंत्र स्वतःच 140 किलोचं होतं. ते प्रयोगशाळेतच राहिलं. तेव्हा उचलण्याचं सध्या विसरा.

माझ्या मते खरं काम त्याहून साधं आहे. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये चार्ली केम्प आणि सहकाऱ्यांनी स्नायू निकामी होत जाणाऱ्या रुग्णांना विचारलं होतं, की रोबोटने तुम्हाला काय काय आणून द्यावं? 2009 साली प्रसिद्ध झालेल्या त्या यादीत वरच्या बाजूला होत्या टीव्हीचा रिमोट, औषधाची गोळी, फोन अशा वस्तू. म्हणजे हातातून निसटणाऱ्या, जमिनीवर पडणाऱ्या. म्हातारपणी अशी वस्तू उचलायला वाकलं की तोल जातो, आणि मग खुब्याचं हाड. पुढे केम्प यांनीच एका कंपनीचे सहसंस्थापक म्हणून ‘स्ट्रेच’ हा रोबोट बाजारात आणला: चाकांवर एक खांब, त्याला एक लांब हात. वजन पंचवीस किलोच्या आत. हा हात दीड-दोन किलो उचलतो. चष्मा उचलेल, पाण्याची कळशी नाही. किंमत वीस लाखांच्या वर, त्यामुळे आज तो संशोधकांकडेच जास्त.

तिकडे रोबोटकडून झाडलोटीची अपेक्षा असते, कारण माणूस महाग. आपल्याकडे धुणंभांडी, केरफरशीला बाई येतात, आणि त्या नुसता केर काढत नाहीत, “काकू, आज चेहरा का उतरलाय?” हेही विचारतात. त्यांच्या जागी केर काढणारी गोल चकती फिरवण्यात मला तरी शहाणपणा दिसत नाही. प्रश्न बाई गेल्यानंतरचा आहे. ज्येष्ठांसाठीची सरकारी ‘एल्डरलाइन’, 14567, सकाळी 8 ते रात्री 8 चालते. माणूस काही वेळ बघून पडत नाही. रात्री दोनला फोन पलंगाखाली गेला तर तो हातात देणारं, नाहीतर आवाज ऐकून जवळ जाणारं आणि मुलाला फोन लावणारं यंत्र मला हवं आहे.

ते मुळशीत चालेल का, हे घर ठरवतं. संकुलात फरशी सपाट, लिफ्ट, रुंद दारं. जुन्या घरात वीतभर उंबरठा. फरशी पुसणारे बहुतेक रोबोट दोन सेंटिमीटरच्या वर चढत नाहीत. त्यात इथला पाऊस. आषाढात वीज गेली की वायफाय जातं, आणि सगळी अक्कल इंटरनेटवर ठेवलेलं यंत्र मुकं होतं. कंपनीच बंद पडली तर? ‘जिबो’ या गप्पा मारणाऱ्या घरगुती रोबोटचं तेच झालं. म्हणून फोन लावण्याची सोय तरी सिमकार्डावर आणि बॅटरीवर असावी, असा माझा आग्रह असतो. सहकारी याला जुनाटपणा म्हणतात. म्हणोत.

यंत्रावरच्या कॅमेऱ्याचं तर आधी विचारायलाच हवं, आणि मुलाला नव्हे, आईला. तिने त्यावर टॉवेल टाकला तर तो तिचा अधिकार आहे.

यंदा परदेशातून आईवडिलांसाठी रोबोट पाठवायचा बेत असेल, तर आधी न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, रात्रीचा दिवा लावा, घसरणारी पायपुसणी काढा आणि फोन गळ्यात अडकवायला दोरी द्या. एवढं दोन-चार हजारांत होतं. मग उंबरठा मोजा आणि यंत्राच्या दुकानात जा.