तीन सुती बोल्ट

लोखंडी सामानाच्या दुकानात आमच्याकडे अजूनही ‘सूत’ हा शब्द कानी पडतो. हे सूत कपाशीचे नव्हे; इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि चार सूत म्हणजे अर्धा इंच. वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला, १९५८च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅम बाजारात उतरू लागला, शेर आणि मण कालांतराने म्हणींपुरते उरले. सूत मात्र सुतार, लोहार आणि मोटारमिस्त्री यांच्या जिभेवरून उतरले नाही. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसे आपण नेहमी पाहतो. आमच्या घरी १९८८ साली याच्या उलट घडले. इंजिनाच्या थोरथोर दुखण्यांचा विचार करून थकल्यावर आम्हांस शेवटी सुतावर उतरावे लागले.

आमच्या थोरल्या बंधूंचा, म्हणजे दादांचा, एक जुना टाटा ट्रक होता. पांढुर्ण्याचे नाव निघाले की परगावच्या लोकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार तेवढी आठवते. पण येथल्या कितीतरी घरांचे वर्षाचे गणित संत्र्यांवर बसते. मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चात उतरत, लाकडी पेट्यांत तणसाच्या थरांवर निजत आणि मुलताईचा घाट चढून बैतूल, भोपाळमार्गे दिल्लीकडे जात. हा रस्ता तेव्हा राष्ट्रीय महामार्ग ६९ म्हणून ओळखला जाई. आता त्याला ४७ क्रमांक आहे. एकदा झाडावरून उतरलेले संत्रे कोणासाठी थांबत नाही, हे बागाईतदारांच्या घरी लहान मुलालाही ठाऊक असते.

त्या हिवाळ्यात दादांनी ट्रकचे इंजिन उघडून घेतले. काम पांढुर्ण्यातल्याच एका तरुण मिस्त्रीने केले. विशी-बाविशीतला मुलगा, वडिलांमागे गॅरेज सांभाळणारा, बोलण्यात मोजका. इंजिन पुन्हा बांधताना वॉटर पंपाचा एक बोल्ट सापडेना. तेलाने काळ्या झालेल्या मातीत बोल्ट हरवणे यात नवल काहीच नाही. संध्याकाळ झाली होती, दुकानांच्या फळ्या पडत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी माल भरायचा होता. आम्ही त्या वेळी शासकीय सेवेत नवखे होतो, रजेवर घरी आलो होतो, आणि नवख्या अधिकाऱ्याला प्रत्येक अडचणीवर आपल्यापाशी तोड आहे असे वाटत असते. घरी वडिलांच्या विहिरीवरील जुन्या ऑइल इंजिनाच्या सुट्या भागांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यातून आम्ही बोल्ट निवडून आणला. लांबी तीच, जाडीही जवळजवळ तीच. डोके जरा लहान होते, पण त्याचे आम्हांस काही वाटले नाही.

मुलाने तो हाताने फिरवला. तीन-साडेतीन फेरे सुखाने गेला आणि अडला. त्याने बाहेर काढून पाहिला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा तेथेच अडला. सतराचा पाना त्याच्या डोक्यावर सैल फिरत होता. “साहेब, हा जड जाऊन राहिला,” तो म्हणाला. आम्ही डब्यातलाच स्क्रू पाना त्याच्या हाती दिला आणि जुना बोल्ट आहे, गंज असेल, कस, असे सांगितले. सांगितले म्हणण्यापेक्षा फर्मावले. त्याने एकदा आमच्याकडे पाहिले आणि कसला.

दुसऱ्या दिवशी भरलेली गाडी निघाली. मुलताईपर्यंत सोबत म्हणून आम्ही चालकाशेजारी बसलो होतो. चढ लागला तसा उष्णतेचा काटा सरकू लागला, आणि घाटाच्या मध्यावर वाफेने समोरचे काही दिसेना. गाडी बाजूला घेतली, तासभर निवू दिली, रेडिएटरमध्ये पाणी ओतले. थोडे अंतर चाललो, तो पुन्हा तेच. शेवटी तोंड फिरवून उतारावरून हळूहळू पांढुर्णा गाठले. पेट्यांतून संत्र्यांचा वास येत होता, आणि तो वास एरवी किती प्रिय असतो याची त्या दिवशी आठवणही नको वाटली.

मग तपास सुरू झाला. पहिला संशय हेडच्या गॅस्केटवर गेला. ते फुटले तर पाणी तेलात उतरते आणि तेल ताकासारखे होते. तेल स्वच्छ होते. रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते पाहिले, येत नव्हते. रबरी नळ्यांचे पट्टे बदलून पाहिले. इंजिन थंड असताना पाण्याचा एक थेंबही कोठे दिसत नसे, आणि तापलेल्या इंजिनावर सांडलेले पाणी तेथेच सुकून जाई. आज कारण समजते. पाणी तापले की बंद रेडिएटरमधला दाब वाढतो. थंडपणी मिटलेली फट त्या दाबाने उघडते. तेव्हा मात्र दादांनी एकच निष्कर्ष काढला, की मुलाने काम बिघडवले. त्याची मजुरी त्यांनी अडवली आणि चार माणसांसमोर त्याला बोल लावले. गॅरेजवाल्याची अब्रू ही अशा चार माणसांच्याच हाती असते. तो मुलगा मान खाली घालून उभा राहिला. आम्ही शेजारी होतो. बोल्टाची गोष्ट त्या क्षणी आमच्या मनात आली नव्हती, असे आम्ही पुढे बरीच वर्षे स्वतःस सांगत आलो.

दादांनी सौंसरहून एका वृद्ध मिस्त्रींना बोलावणे धाडले. ते बसने आले. पांढुर्ण्याहून सौंसरला रेल्वेने जाण्याची सोय नव्हती. आमच्याकडे नागपूर-इटारसीची मोठी लाइन, त्यांच्याकडे नागपूर-छिंदवाड्याची लहान लाइन. एकाच छिंदवाडा जिल्ह्यातल्या या दोन शेजारी तहसिली, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालणारा नव्हता. (ती लहान लाइन २०१५ साली बंद झाली, आता तेथेही मोठी लाइन आहे, आणि २०२३ पासून दोन्ही तहसिली मिळून पांढुर्णा जिल्हा झाला आहे.) सौंसर भागातल्या मँगनीजच्या खाणींवर मिस्त्रींचे आयुष्य गेले होते. दगड वाहणाऱ्या गाड्यांत टाटाही असत आणि लेलँडही. टाटांनी १९५४ साली जमशेदपुरास जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर ट्रक बांधण्यास आरंभ केला. तो करार १९६९ साली संपला, तरी आटे मिलिमीटरचेच राहिले. लेलँडची इंजिने मूळ इंग्रजी घाटाची, इंची आट्यांची. म्हणून मिस्त्रींच्या पेटीत दोन कप्पे होते आणि एका कप्प्यातला नट दुसऱ्यात गेलेला त्यांना खपत नसे.

त्यांनी इंजिन सुरू करवले, तापू दिले आणि हातात कंदील घेऊन नुसते पाहत राहिले. वॉटर पंपाच्या एका कडेवर पांढुरका डाग होता. पाणी सुकून मागे राहिलेला क्षार. बाकी सर्व बोल्टांवर सतराचा पाना बसला. त्या डागाजवळच्या बोल्टावर तो फिरला. मिस्त्री हसले नाहीत की रागावले नाहीत. बोल्ट काढून त्यांनी शेजारचा खरा बोल्टही काढला, दोघांचे आटे एकमेकांत बसवून कंदिलापुढे धरले आणि आम्हांस बोलावले. पहिले दोन आटे एकमेकांत घट्ट बसले होते. पुढे दोघांमधून उजेडाची बारीक फट दिसू लागली, आणि शेवटाकडे एकाचा कडा दुसऱ्याच्या कड्यावर चढला होता.

“हा तीन सुती आहे जी,” ते म्हणाले. “याची चूडी अलग.” आम्ही घरी आटे म्हणतो, गॅरेजात चूडी म्हणतात. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्याकडे गेला आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, तेव्हापासून कचेरीतल्या आणि कारखान्यातल्या वस्तूंची नावे आमच्या तोंडी अशीच दुहेरी झाली आहेत.

हिशेब साधा आहे, पण तो कोणी मांडून दाखवल्याखेरीज ध्यानात येत नाही. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. ट्रकचा बोल्ट दहाचा. अर्ध्या मिलिमीटरच्या या ढिलेपणामुळेच तो आत शिरला. त्याच्या इंचभर लांबीत सोळा आटे, म्हणजे दोन आट्यांत सुमारे १.५९ मिलिमीटर अंतर. ट्रकच्या बोल्टात ते दीड मिलिमीटर. फरक एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी. पण प्रत्येक आट्यागणिक तो साठत जातो, चौथ्या आट्याला एक तृतीयांश मिलिमीटरपर्यंत पोहोचतो, ढिलेपणा संपतो आणि बोल्ट भोकात पाचरीसारखा अडकतो. त्यानंतर पान्याला लागणारा जोर हा बोल्ट आवळला जाण्याचा जोर नसतो. लोखंड लोखंडाला खात असते. हाताला वाटते घट्ट झाला, आणि खाली गॅस्केटवर दाब पडलेलाच नसतो. पाऊण इंची बोल्ट आणला असता तर तो भोकाच्या तोंडाशीच नाकारला गेला असता आणि आमची संत्री वाचली असती.

पुढे वाचनात आले की या घोळाने मोठमोठ्या राष्ट्रांनाही सोडलेले नाही. इंग्लंडात व्हिटवर्थ यांनी १८४१ साली आट्यांचे एक माप सुचवले, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत सेलर्स यांनी १८६४ साली ६० अंशांचा कोन घेतला. दुसऱ्या महायुद्धात एकाच बाजूने लढणाऱ्या या देशांचे नट एकमेकांच्या बोल्टांना बसेनात, आणि १९४८ साली ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी समान आटे मान्य केले. आमच्या पत्र्याच्या डब्यापर्यंत तो करार अर्थातच आला नव्हता.

मिस्त्रींनी भोकाच्या तोंडचे आटे फक्त खराब झाले आहेत हे बोटाने चाचपून ठरवले. दहाच्या टॅपला ग्रीस फासून तो हलक्या हाताने, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा फिरवला; लोखंडाचा कीस ग्रीसला चिकटून बाहेर आला. मग थोडा लांब स्टड घातला, म्हणजे तळाचे न दुखावलेले आटे त्याला धरतील, आणि वरून नट आवळला. नवे गॅस्केट बसवले. काम दीड तासाचे होते. गाडी दोन दिवस उशिरा दिल्लीस पोहोचली आणि खालच्या थरांतली बरीच संत्री बसली होती.

काम चालू असताना मिस्त्रींनी एकदाच विचारले, “हा कोठून आला?” तो मुलगा कंदील धरून उभा होता. तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दादांना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. नुकसानीबद्दल ते काहीतरी म्हणतील अशी आमची अपेक्षा होती. ते म्हणाले, “त्याने तुझे नाव का नाही घेतले?” मग आपणच म्हणाले, “तू साहेब आहेस ना.”

सकाळी त्यांनी सगळी मजुरी मोजून आमच्याच हाती दिली आणि आम्हांस एकट्याला पाठवले. गॅरेजपुढे आदल्या दिवशीचीच काही माणसे बसली होती. ती उठून जाईपर्यंत थांबावे असे फार वाटले. थांबलो नाही. चूक आमची होती, बोल्ट आमच्या घरचा होता, आणि तू सांगितलेले आम्ही ऐकले नाही, एवढे त्यांच्यासमोर बोललो. मुलाने पैसे मोजले, खिशात घातले आणि म्हणाला, “तो बोल्ट असंन तर द्या साहेब.”

गॅरेजच्या भिंतीवर, हत्यारांच्या फळीशेजारी, त्याने एका खिळ्याला तो टांगला, आणि त्याला लागून तारेने बांधून दहाचा एक. पुढे रजेवर घरी आलो की त्या रस्त्याने जाताना आमची नजर तिकडे वळे. नव्या पोऱ्याला तो हे दोन बोल्ट उजेडासमोर धरायला लावी, तेही आम्ही एकदा पाहिले. एखादे गिऱ्हाईक विचारी, हे काय टांगले आहे? ट्रक कोणाचा होता ते त्याने आमच्या ऐकिवात कधीच सांगितले नाही. “एका गाडीत निघाला,” एवढेच म्हणे आणि कामाला लागे.